रोमची ग्रेगोरियन युनिव्हर्सिटी: फक्त फादर-सिस्टर लोकांसाठी नाहीये, पण इटालियन शिकूनच जा

वसईत कुणी रोमला शिकायला गेलं म्हटलं की लोक गृहीतच धरतात की ते फादर असणार किंवा सिस्टर असणार. मी दोन्ही नाही. प्रापंचिक बाई आहे, लग्न झालेली, आणि ग्रेगोरियनला, म्हणजे तिथल्या जेजुइट फादरांच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत, मिशिऑलॉजीचं (ख्रिस्ती मिशनकार्याच्या अभ्यासाचं) लायसन्शिएट (एमएसारखी डिग्री) करून आलेय. परत आल्यापासून एवढ्या जणांनी विचारलं ना, की तिथे आपल्यासारख्यांना घेतात का, खर्च किती, इंग्लिशमध्ये शिकवतात का, त्या डिग्रीचं पुढे करायचं काय, की सगळ्यांना तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी जागा. युनिव्हर्सिटी म्हटल्यावर गेट, बाग, मैदान, हॉस्टेल असं काही डोळ्यासमोर आणत असाल तर ते काढून टाका. जुन्या रोमच्या अगदी मधोमध प्यात्सा देल्ला पिलोत्ता नावाचा एक चौक आहे, त्याच्या एका बाजूला ही मोठी इमारत उभी आहे, बस, तेवढीच युनिव्हर्सिटी. त्रेव्हीचं कारंजं चालत चार-पाच मिनिटांवर, त्यामुळे सकाळी लेक्चरला जाताना टुरिस्टांच्या गर्दीतून वाट काढायची, आणि एक गल्ली वळलं की एकदम शांत. चौकाला लागून व्हिया देल्ला पिलोत्ता म्हणून रस्ता आहे, त्याच्यावर चार कमानीचे पूल आहेत, कोलोन्ना घराण्याचा महाल आणि त्यांची टेकडीवरची बाग जोडणारे. मला रोममधला हा तुकडा सगळ्यात जास्त आवडतो, कोलोसियमपेक्षाही. मेट्रोचं जवळचं स्टेशन बार्बेरिनी, तिथून उतरून चालत यायचं, नाहीतर बसने प्यात्सा व्हेनेत्सियाला उतरायचं. बसचा संप असला की (रोममध्ये शोपेरो हा शब्द तुम्ही पहिल्या महिन्यातच शिकता, आणि तो बहुतेक शुक्रवारी असतो) पायपीट करायची तयारी ठेवा.

आत्ताची इमारत तशी जुनी नाही, १९३० ची आहे, जूल्यो बार्लुत्सी नावाच्या आर्किटेक्टने बांधलेली. पण युनिव्हर्सिटी १५५१ ची. जेजुइट या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी काम्पिदोल्यो टेकडीच्या पायथ्याशी एका भाड्याच्या घरात शाळा काढली आणि दारावर पाटी लावली की इथे व्याकरण, साहित्य आणि ख्रिस्ती शिक्षण फुकट मिळेल. पैसे स्पेनमधल्या गांदियाच्या ड्यूकने दिले, म्हणजे फ्रान्सिस बोर्जा, जे पुढे स्वतः जेजुइट झाले आणि संतही झाले. पाच वर्षात, १५५६ ला, पोपमहोदयांनी डिग्री द्यायची परवानगी दिली. नंतर पोप तेरावे ग्रेगरी यांनी मोठी इमारत बांधून दिली म्हणून नाव ग्रेगोरियन. ही पाटीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण सोळाव्या शतकात गरीब मुलाला फुकट शिक्षण देतो म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती. आता ते फुकट नाही राहिलं, फी भरावी लागते, पण स्कॉलरशिप मिळवून देण्याची धडपड तिथे अजून दिसते आणि त्याचं मूळ मला तरी त्या पाटीत दिसतं.

आणि हेच ते तेरावे ग्रेगरी ज्यांचं कॅलेंडर आपण सगळे वापरतो. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयमधल्या इंग्रजी तारखा ज्या हिशोबाने चालतात तो हिशोब समजावून आणि पटवून देणारा माणूस, क्रिस्तोफर क्लाव्हियस, याच शाळेत, जिला तेव्हा रोमन कॉलेज म्हणायचे, गणित शिकवायचा. १५८२ ला ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर धरला, मधले दहा दिवस गाळले, कारण जुन्या कॅलेंडरमुळे वसंतातला तो दिवस-रात्र सारखी असण्याचा दिवस मागे मागे सरकत चालला होता आणि ईस्टरची तारीख त्याच्यावर अवलंबून. मग शंभराने भाग जाणारी वर्षं लीप नाहीत, चारशेने भाग गेला तरच लीप, म्हणून १९०० लीप नव्हतं आणि २००० होतं. मूळ कल्पना लिलियस नावाच्या एका इटालियन डॉक्टरची, पण तिच्यावरचे आक्षेप खोडून काढत वर्षानुवर्षं भांडला तो क्लाव्हियस. त्याचाच विद्यार्थी मात्तेओ रिच्ची, जो चीनला गेला. गॅलिलिओ १६११ ला रोमला आला तेव्हा या कॉलेजातल्या लोकांनी दुर्बिणीतून स्वतः पाहून त्याची निरीक्षणं बरोबर आहेत असं मान्य केलं आणि त्याचा सत्कारही केला. पुढे पाचच वर्षात याच कॉलेजात आधी शिकवलेल्या कार्डिनल बेलार्मिननी त्याला ताकीद दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच घराण्याच्या आहेत. ज्यांना वाटतं की चर्च आणि विज्ञान म्हणजे नुसतं भांडण, किंवा ज्यांना वाटतं की भांडण कधी झालंच नाही, त्या दोघांनीही हा इतिहास सविस्तर वाचावा असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही शिकायला नाही, नुसते फिरायला रोमला जाणार असाल तर एक सांगते, युनिव्हर्सिटीत बघण्यासारखं फार काही नाही, ती चालती शाळा आहे. त्यापेक्षा दहा मिनिटं चालून संत इग्नेशियसच्या चर्चमध्ये जा, सांत इन्यात्सियो. हे जुन्या कॉलेजचं चर्च. तिथे घुमट बांधायचा राहून गेला म्हणून आंद्रेआ पोत्सो नावाच्या जेजुइट ब्रदरने सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवला, जमिनीवर एक खूण आहे तिथे उभं राहून बघितलं की खरा वाटतो, दोन पावलं सरकलं की वाकडा होतो. हल्ली छताचा फोटो काढायला आरसा ठेवलाय आणि तिथे भली मोठी रांग असते, रांगेत उभं राहू नका, मान वर करा आणि बघा. संत अलॉयशियस गोन्झागाची कबर पण तिथेच आहे, याच कॉलेजचा विद्यार्थी, साथीतल्या रुग्णांची सेवा करताना तेविसाव्या वर्षी वारला, १५९१ ला. आमच्याकडे अजून पोरांची नावं अलॉयशियस ठेवतात, पण तो रोमच्या कॉलेजातला पोरगा होता हे किती जणांना माहीत असतं कोण जाणे. आणि ज्या खांबांवर खरा घुमट यायचा होता त्या खांबांवर पुढे आन्जेलो सेक्की या जेजुइटने वेधशाळा बांधली आणि ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे प्रकार पाडले, एकोणिसाव्या शतकात.

मधला इतिहास पटकन सांगते. १७७३ ला पोपनीच जेजुइट संघ बरखास्त केला, कॉलेज हातातून गेलं, १८२४ ला परत मिळालं. १८७० ला इटलीने रोम घेतलं, सरकारने ती जुनी इमारत ताब्यात घेतली आणि तिथे शाळा सुरू केली. पुस्तकांचा एवढा मोठा साठा गेला की रोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा पायाच त्याच्यावर उभा राहिला. युनिव्हर्सिटी दुसऱ्या एका महालात भाडेकरूसारखी राहिली, आणि तशा हालात असताना, १८७३ ला, पोप नववे पायस यांनी तिला पोंटिफिकल (म्हणजे पोपच्या अधिकाराखालची) ग्रेगोरियन युनिव्हर्सिटी हे नाव दिलं. पिलोत्ताच्या चौकात ती साठेक वर्षांनी आली.

अलीकडचा मोठा बदल २०२४ चा. चौकाच्या समोरच्या बाजूला बिब्लिकुम आहे, म्हणजे बायबल इन्स्टिट्यूट, १९०९ ची, आणि सांता मारिया माज्जोरे बॅसिलिकाजवळ ओरिएंताले आहे, पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांच्या अभ्यासाची, १९१७ ची. या तिन्ही जेजुइट संस्था होत्या पण कागदोपत्री वेगळ्या. मे २०२४ पासून तिघांची एकच युनिव्हर्सिटी झाली. केरळच्या सिरो-मलबार, सिरो-मलंकारा लोकांना ओरिएंताले जवळची, आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. नोव्हेंबर २०२४ ला पोप फ्रान्सिस स्वतः ग्रेगोरियनला आले होते आणि शिकवणाऱ्यांना म्हणाले की व्यासपीठं कमी करा, शेजारी-शेजारी बसायची टेबलं वाढवा. मला ते फार पटलं, कारण या जागेतली सगळ्यात मोठी अडचणही तीच आहे आणि सगळ्यात मोठी ताकदही तीच.

अडचण आधी सांगते. पहिल्या टप्प्यातली लेक्चरं मोठ्या हॉलमध्ये होतात, प्रोफेसर वर बसून बोलतात आणि आपण लिहून घेतो, सकाळी साडेआठपासून साडेबारापर्यंत एकामागून एक. दुपारी सेमिनार असतात, तिथे वीसेक जण टेबलाभोवती बसतात, आणि खरं शिक्षण तिथे होतं. लायसन्शिएट म्हणजे ढोबळमानाने आपलं एमए, दोन वर्षांचं, त्यात सेमिनार जास्त म्हणून मजा येते. बॅचलर लेव्हलला मात्र ऐका, लिहा, पाठ करा हे खूप आहे. हे रोमच्या सगळ्याच पोंटिफिकल युनिव्हर्सिट्यांमध्ये आहे, एकट्या ग्रेगोरियनचं नाही, पण माझा अर्धा स्टार त्याच्यासाठीच गेला. आपल्याकडच्या कॉलेजात प्रश्न विचारायला घाबरणारी पोरं असतात ना, ती तिथे गेली तर पहिली दोन वर्षं तोंड न उघडता निघून जाऊ शकतात, कुणी अडवत नाही.

परीक्षा तोंडी. हे आपल्या लोकांना झेपायला सगळ्यात अवघड जातं. प्रोफेसरच्या समोर खुर्चीत बसायचं, दहा-पंधरा मिनिटं, पूर्ण सेमिस्टरचा पोर्शन, एक प्रश्न, त्याच्यावर दुसरा, आणि संपलं. मार्क दहापैकी. साडेनऊच्या वर गेलं तर सुम्मा कुम लाउदे, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, साडेआठच्या वर माग्ना, तिच्या खालची. आपल्याकडे तीन तास लिहायची सवय, पानं भरली की वाटतं काहीतरी मार्क मिळतीलच, इथे भरायला पानंच नाहीत. तोंडी परीक्षेचा फायदा पण आहे, ज्याला समजलंय तो सुटतो आणि ज्याने घोकलंय तो दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो. बऱ्याच परीक्षा इटालियनऐवजी इंग्लिश, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मनमध्ये देता येतात, प्रोफेसरला ती भाषा येत असली तर. म्हणून आधी प्रोफेसरला विचारून ठेवा.

आता भाषा, आणि हा मुद्दा मी हात जोडून सांगतेय. शिकवणं इटालियनमध्ये. इंग्लिशमधली काही लेक्चरं-सेमिनार असतात, बिब्लिकुममध्ये जास्त, पण मुख्य माध्यम इटालियनच. आपली मुलं जुलै-ऑगस्टमध्ये रोमला उतरतात, सप्टेंबरमध्ये घाईघाईने एक कोर्स करतात आणि ऑक्टोबरला लेक्चरमध्ये बसतात, मग अख्खं पहिलं सेमिस्टर समोर काय चाललंय ते कळण्यातच जातं. हुशार, अभ्यासू लोकांचं असं वर्ष वाया जाताना मी बघितलंय आणि मला खरंच वाईट वाटायचं. एक वर्ष आधी सुरू करा. मुंबईत इटालियनचे क्लास आहेत, ऑनलाइन आहेत, आणि मराठी माणसाला इटालियन उच्चार जड जात नाहीत कारण लिहिलंय तसंच वाचायचं असतं, त आणि द तर अगदी आपलेच. वर ईशज्ञान (थिऑलॉजी) करायचं तर लॅटिन, बायबल करायचं तर हिब्रू आणि ग्रीक, कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, करायचा तर पुन्हा लॅटिन. बिब्लिकुमचं हिब्रू-ग्रीक जगात नावाजलेलं आहे, पण तिथे गेलेला माणूस पहिलं वर्ष घरच्यांचा फोन उचलायला पण मोकळा नसतो हे घरच्यांनी समजून घ्या.

आणि ताकद? माणसं. साधारण तीन हजार विद्यार्थी, शंभराहून जास्त देशांतले. तासाच्या मधल्या सुट्टीत खालच्या मोठ्या अंगणात, वर काचेचं छत असलेल्या, आमच्या वसईतल्या पापडीच्या आठवडी बाजाराएवढा गलका असतो. एका बाजूला काँगोचे फादर, एका बाजूला कोरियन सिस्टर्स, मेक्सिकोचे, पोलंडचे, लेबनॉनचे, आणि आपले भारतातले तर भरपूर, तमिळ, केरळी, झारखंडचे, नागालँडचे, गोव्याचे. आपल्याकडे एका राज्याचा माणूस दुसऱ्या राज्यातल्या आदिवासी ख्रिस्ती माणसाला आयुष्यात भेटत नाही, मी ओराँव समाजातल्या एका सिस्टरशी तिथे रोममध्ये पहिल्यांदा बोलले. सिरियाचा एक जण वर्गात होता, तो युद्धाबद्दल काही सांगायचा नाही, पण क्षमा या विषयावर सेमिनार चालू असताना तो बोलायला लागला की प्रोफेसर पण लिहून घ्यायचे. हे कुठल्याही पुस्तकात मिळत नाही आणि ऑनलाइन कोर्सात तर नाहीच नाही. ऑस्कर रोमेरो, एल साल्वादोरचे आर्चबिशप, ज्यांना मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असताना गोळी घातली, ते याच युनिव्हर्सिटीत शिकले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. माक्सिमिलियन कोल्बे, ज्यांनी आउश्विट्झमध्ये दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करलं, त्यांनी तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट इथेच केली. इथून पोप झालेल्यांची यादी लोक अभिमानाने सांगतात, मला ही दोन नावं जास्त मोठी वाटतात.

लायब्ररीबद्दल मी तासभर बोलू शकते. लाखोंनी पुस्तकं, बसायला भरपूर जागा, आणि तुमच्या विषयावर जर्मनमध्ये, फ्रेंचमध्ये काय लिहिलं गेलंय ते हाताशी. युनिव्हर्सिटीचं स्वतःचं ऐतिहासिक अर्काइव्ह पण आहे, त्यात क्लाव्हियसचा पत्रव्यवहार आहे, आथानासियुस किर्खरचा पण आहे, ज्याने कॉलेजात सतराव्या शतकात म्युझियम उभं केलं होतं. मराठी इतिहास करणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, ती ग्रेगोरियनची नाही पण रोमलाच आहे: जेजुइट संघाचं मध्यवर्ती अर्काइव्ह व्हॅटिकनजवळ बोर्गो सांतो स्पिरितोला आहे, आणि तिथे गोव्याहून आलेल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पत्रांचे गठ्ठे आहेत. साष्टी, वसई, चौल या भागाचा इतिहास लिहायचा तर ती पत्रं वाचल्याशिवाय अर्धवट राहणार. पोर्तुगीज, इटालियन, लॅटिन येणारे मराठी संशोधक बोटावर मोजण्याइतके आहेत. ख्रिस्ती असण्याची काही गरज नाही, भाषा यायला हवी आणि परवानगी काढून जायला हवं. आपल्या विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी दरवर्षी एक जरी विद्यार्थी पाठवला तरी दहा वर्षात चित्र बदलेल.

यात फादर थॉमस स्टीफन्स आले नाहीत तर मी मराठी कसली. इंग्लंडच्या विल्टशरचा माणूस, तिथे कॅथलिकांचा छळ चालू म्हणून पळून रोमला आला, १५७५ ला क्विरिनाले टेकडीवरच्या सांत आंद्रेआमध्ये जेजुइट झाला, १५७९ ला गोव्याला पोचला आणि १६१६ ला रायतूरला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीत. मराठीची त्याने केलेली स्तुती आपण सगळ्यांनी कधीतरी वाचलेली असते. ते सांत आंद्रेआ युनिव्हर्सिटीपासून चढ चढून थोड्याच अंतरावर आहे. आत्ता दिसतं ते चर्च बेर्निनीने नंतर बांधलेलं, १६५८ पासून पुढे, स्टीफन्सच्या वेळचं नाही, पण टेकडी तीच. मी कंटाळले, काही समजेनासं झालं, घरची आठवण आली की तिथे जाऊन बसायचे. परक्या देशातून आलेला तरुण इथून निघून आपल्या भाषेत ओव्या लिहायला लागतो, ही गोष्ट मला इटालियनचं व्याकरण घोकायला पुरेशी होती. आणि ती जागा माहीत असणारा एकही मराठी टुरिस्ट ग्रुप मला दिसला नाही. टूरवाल्यांनो, त्रेव्हीपासून पंधरा मिनिटांच्या आत आहे, घेऊन जा लोकांना.

भारताचा विचार तिथे कसा होतो, हेही लोक विचारतात. मारियासुसै धवमनी म्हणून तमिळ जेजुइट होते, त्यांनी तिथे बरीच वर्षं हिंदू धर्म शिकवला. आणि जाक द्युप्विस. हे बेल्जियमचे, १९४८ ला भारतात आले, छत्तीस वर्षं इथे राहिले, शिकवलं, आणि १९८४ ला ग्रेगोरियनला गेले. इतर धर्मांतून देव माणसांशी काय बोलतोय हा प्रश्न त्यांनी भारतातल्या अनुभवावरून मांडला, १९९७ च्या त्यांच्या पुस्तकावरून व्हॅटिकनने चौकशी केली आणि २००१ ला त्यातल्या संदिग्ध जागांबद्दल जाहीर नोंद काढली. शिक्षा केली नाही, पण त्या वयात त्यांना त्याचा फार त्रास झाला. मला विचाराल तर द्युप्विस यांचा प्रश्न हा आपला रोजचा प्रश्न आहे. गणपतीत शेजाऱ्याकडे जाणारे, नाताळात शेजाऱ्याला घरी बोलावणारे आपण, आपल्याला हा प्रश्न टाळता येतच नाही. मिशिऑलॉजीची फॅकल्टी १९३२ ची, आणि तिथे बसून द्युप्विस वाचणं, शेजारी केनियाचा आणि व्हिएतनामचा माणूस असताना, यासाठी मी परत एकदा जाईन.

बायकांबद्दल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठच्या दशकात भरलेल्या बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, दारं उघडली आणि आता विद्यार्थिनी पण आहेत, प्रोफेसर पण आहेत. नुरिया काल्दुच-बेनाजेस जुना करार शिकवतात, २०२१ ला त्या पोपच्या बायबल कमिशनच्या सेक्रेटरी झाल्या, त्या जागेवर आलेल्या पहिल्या बाई. असं असलं तरी वर्गात नजर टाकली की पुरुष जास्त, आणि त्यातही फादर जास्त, हे आहेच. त्याने बिचकू नका. मला कुणी कमी लेखलं नाही, उलट संसार करणाऱ्या बाईला प्रार्थनेबद्दल, मुलांच्या श्रद्धेबद्दल काय वाटतं हे सेमिनारमध्ये लोक मुद्दाम विचारायचे.

एक कोर्स मला फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे सेफगार्डिंगचा. लहान मुलांवर आणि दुबळ्या माणसांवर चर्चमध्ये झालेले अत्याचार, त्यांचा अभ्यास, पीडितांचं ऐकणं, पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं, यासाठी २०१२ ला सेंटर फॉर चाइल्ड प्रोटेक्शन सुरू झालं आणि २०२१ पासून त्याची स्वतंत्र इन्स्टिट्यूट झाली, डिप्लोमा आणि लायसन्शिएट दोन्ही आहेत. आपल्या धर्मप्रांतांनी तिथे माणसं पाठवावीत, आणि नुसते फादर नकोत. शिक्षिका, काउन्सेलर, वकील, सोशल वर्क केलेल्या मुली पाठवा. शाळा चालवतो आपण, होस्टेलं चालवतो, आपल्याला याची गरज आहे आणि ती आज आहे.

राहण्याचं. युनिव्हर्सिटी हॉस्टेल देत नाही. फादर लोक आपापल्या कॉलेजात राहतात, सिस्टर्स आपल्या कॉन्व्हेंटमध्ये. प्रापंचिकांनी आपलं आपण बघायचं. चेलियो टेकडीवर द ले सेंटर म्हणून एक घर आहे, संस्था १९८६ ची, रोमच्या पोंटिफिकल युनिव्हर्सिट्यांमध्ये शिकणाऱ्या प्रापंचिकांसाठीच काढलेलं, तिथे जागा मिळाली तर उत्तम, पण खोल्या थोड्या आहेत म्हणून लवकर अर्ज करा. नाहीतर शेअरिंगमध्ये खोली. फी अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांच्या मानाने बरीच कमी आहे, पैसे खातं ते भाडं. खाण्याचं टेन्शन घेऊ नका, एस्क्विलिनोचं मार्केट आहे, प्यात्सा व्हित्तोरियोजवळ, तिथे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, तूरडाळ, भेंडी, कढीपत्ता सगळं मिळतं, बांगलादेशी आणि भारतीय दुकानदार आहेत, मासळीही चांगली. दुपारी लेक्चर संपलं की कापून वजनावर देतात तो पिझ्झा घ्यायचा आणि कॉफी काउंटरला उभं राहूनच प्यायची, टेबलवर बसलं की जास्त पैसे लागतात, खासकरून त्रेव्हीच्या बाजूला.

कुणी जाऊ नये तेही सांगते. ज्याला इटालियन शिकायचंच नाही त्याने अँजेलिकम बघावं, डॉमिनिकनांचं, तेही जवळच आहे, तिथे इंग्लिशमधून ईशज्ञान करता येतं, पोप दुसरे जॉन पॉल तिथले आणि आत्ताचे पोप लिओ पण तिथलेच. ज्याला नुसती डिग्री हवी, नोकरीसाठी, त्याने आधी आपल्याकडच्या संस्थेला लेखी विचारावं की ही डिग्री कशाच्या बरोबरीची धरणार. व्हॅटिकन २००३ पासून युरोपच्या बोलोन्या व्यवस्थेत आहे म्हणून युरोपात क्रेडिटं जुळतात, भारतातल्या प्रत्येक ठिकाणी तसं गृहीत धरू नका. आणि घर सोडून जाणं शक्यच नसेल तर पुण्याचं ज्ञानदीप आहे ना, नगर रोडला. ते १८९३ ला कँडीला सुरू झालेल्या पेपल सेमिनरीतून आलं, १९५५ ला पुण्यात, तिथे पण पोंटिफिकल डिग्री मिळते, इंग्लिशमधून, आणि भारताच्या संदर्भात ईशज्ञान करायचं तर काही बाबतीत ते रोमपेक्षा जवळचं पडतं. हे मी ग्रेगोरियनवर प्रेम असूनही सांगतेय.

बाकी ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी शेवटचं कामाचं: प्रापंचिकांना अर्जाबरोबर चर्चच्या अधिकाऱ्याचं शिफारसपत्र लागतं, म्हणजे तुमचे फादर किंवा बिशप यांचं, शिवाय आधीच्या डिग्रीचे कागद इटालियन कॉन्सुलेटच्या व्हिसासाठी भाषांतर करून, शिक्के मारून तयार ठेवावे लागतात. वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं. कागदांना महिने लागतात, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतच पॅरिशच्या फादरना भेटा, आणि त्यांनी विचारलं की बाई तू कशाला रोमला, तर त्यांना नीट बसवून सांगा की कशाला.